नॉमिनी नेमला म्हणजे वारसाची सोय झाली असे नाही : सोलापुरातील ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

आपल्या संघांच्या मासिक सभांत मधुमेहावर, गुडघेदुखीवर, प्राणायामावर व्याख्याने होतात, महिन्याभरातले वाढदिवस साजरे होतात आणि जे सभासद गेले त्यांना दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली जाते. श्रद्धांजलीनंतर त्या सभासदाच्या घरी जे सुरू होते, त्याचा विषय मात्र सभेत निघत नाही. एका नागरी सहकारी बँकेत नोकरी करताना मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज बरीच वर्षे माझ्याच टेबलावर येत असत, त्यामुळे ते जवळून पाहण्यात आले. हे पत्र सरकारला किंवा बँकांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे, कारण या बाबतीत कायद्याने करायचे ते बहुतेक केव्हाच करून ठेवले आहे. उरलेले काम ज्याची मिळकत आहे त्याने हयातीत करायचे असते, आणि ते त्याच्याकडून करवून घेण्याचे बळ मुलांपेक्षा बरोबरीच्या मित्रांत अधिक असते. मुलाने किंवा सुनेने "मृत्युपत्र केले का?" असे विचारले की घरात चार दिवस अबोला होतो, तेच रोज सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या मित्राने विचारले तर माणूस निदान विचार तरी करतो.

सर्वांत मोठा गैरसमज नॉमिनीबद्दल आहे आणि तो शिकल्या-सवरलेल्या घरांतही तितकाच घट्ट आहे. ठेवीच्या पावतीवर, विम्यावर, सोसायटीच्या अर्जावर नॉमिनी म्हणून नाव लिहिले की ती वस्तू त्या माणसाची झाली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नॉमिनी हा पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरता नेमलेला माणूस असतो. बँकेने त्याला रक्कम दिली की बँक जबाबदारीतून मोकळी होते. त्या रकमेचे मालक मात्र मृत्युपत्रात नाव असलेले, आणि मृत्युपत्र नसेल तर कायद्याने ठरवलेले वारसच राहतात. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगितले आणि कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. विमा कायद्यात २०१५ साली आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यासाठी लाभार्थी नॉमिनीची, म्हणजे रक्कम स्वतःची म्हणून घेणाऱ्या नॉमिनीची, तरतूद आली हे खरे, पण तिच्या भरवशावर मृत्युपत्र टाळावे असे मी कोणालाही सुचवणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या फ्लॅटचेही तेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली जे प्रकरण आले, त्यानुसार मयत सभासदाचा नॉमिनी हा खरे वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. त्याच्या नावे भाग दाखला झाला म्हणून फ्लॅट त्याच्या मालकीचा होत नाही.

याचा उलटा फटका कसा बसतो, तेही सांगतो. लग्नाआधी नोकरीला लागलेला मुलगा पहिली ठेव ठेवताना धाकट्या भावाचे नाव नॉमिनी म्हणून लिहितो. पुढे लग्न होते, मुले होतात, ठेव दर खेपेला नूतनीकरण होत राहते आणि पावतीवरचे नाव तसेच राहते. तो गेल्यावर भाऊ आधारकार्ड आणि मृत्यूचा दाखला घेऊन येतो, बँक त्याला नियमाप्रमाणे रक्कम देते, आणि काउंटरच्या या बाजूला त्याच माणसाची बायको उभी असते. तिचा हक्क कायद्यात शाबूत असतो, पण तो मिळवायला तिला दिवाणी न्यायालयात जावे लागते. असे अर्ज माझ्यासमोर आले तेव्हा नियम तोंडपाठ असूनही त्या बाईला काय सांगावे हे सुचत नसे. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेने ही अडचण ओळखली आहे. तिथे लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर रद्द ठरते आणि नवे करावे लागते. बँकेच्या ठेवीत तसे आपोआप होत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. लॉकरसाठीही चार नावे देता येतात, पण ती एकामागून एक अशा क्रमाने. म्हणजे जुने नाव बदलायला बँकेत जायचे निमित्त आता आहेच.

मृत्युपत्र नसेल तर काय होते, याचीही बहुतेकांना अर्धवटच माहिती असते. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे एका गल्लीत नांदतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंबरोबर वीरशैव-लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख या सर्वांना लागू आहे. त्याप्रमाणे विवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची स्वतःची मिळकत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते. आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील नाहीत. "सगळे बायकोलाच मिळणार" या समजुतीत असलेल्या माणसाची ऐंशी वर्षांची आई हयात असेल, तर तिचा हिस्सा निघतो आणि तिच्या पश्चात तो तिच्या इतर मुलामुलींकडेही, म्हणजे त्याच्या भावा-बहिणींकडेही जातो. कोणाच्याही मनात वाईट नसताना एका फ्लॅटचे आठ-नऊ मालक असेच होतात.

मुलींच्या बाबतीत तर आता वादाला जागाच उरलेली नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली; महाराष्ट्राने आपल्यापुरती तशी तरतूद त्याआधीच, १९९४ साली केली होती. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरवून टाकले. तरीही आपल्याकडे तेरावे उरकण्याआधी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असतो आणि बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. एखादी बहीण मनापासून सही करते, नाही असे नाही. पण वडिलांनी घर मुलाला द्यायचे ठरवले असेल तर त्यांनी ते स्वतःच्या हाताने मृत्युपत्रात लिहावे, आणि मुलीला लग्नात, शिक्षणात किंवा दागिन्यांत काय दिले तेही त्यातच नोंदवावे. तो निर्णय रडून थकलेल्या मुलीच्या सहीवर ढकलणे मला पटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मृत्युपत्राने फक्त आपल्या वाट्याचीच विल्हेवाट लावता येते, हे ध्यानात असू द्यावे.

मुस्लिम सभासदांना वेगळा कायदा लागू होतो. वारसांचे हिस्से शरियतप्रमाणे ठरलेले असतात. देणी भागवून उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते, आणि सुन्नी कायद्याप्रमाणे एखाद्या वारसाला जादा द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करायचा असेल तर ताबाही द्यावा लागतो. जाणकाराचा सल्ला या घरांनीही वेळेतच घेतलेला बरा.

आता बायकांच्या मिळकतीविषयी. आपल्या संघांनी सर्वांत जास्त लक्ष इथेच घालावे, असे मला वाटते. सोलापुरात विडी वळून, यंत्रमागावर कांड्या भरून, शिवणकाम करून बायकांनी घरे उभी केली आहेत. विडी घरकुलात आणि कुंभारीच्या रे नगर वसाहतीत, जिथे जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरे लाभार्थ्यांना देण्यात आली, कष्टकरी कुटुंबांची हक्काची घरे झाली आहेत. सरकारी आवास योजनांत घर बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावे करण्यावर भरही असतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी मुले आणि नवरा यांना मिळते, इथपर्यंत ठीक आहे. पण मूलबाळ नसलेली विधवा गेली तर तिच्या कमाईचे घर नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दीर-पुतण्यांकडे जाते. तिची आई आणि तिचे वडील त्यांच्या मागे, आणि म्हातारपणी तिला सांभाळणारी बहीण किंवा भाची तर त्याहूनही मागे. आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला अपवाद आहे, ती मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वकष्टाच्या मिळकतीला असा अपवाद नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न समोर असताना सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. संसदेने कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही, एक साधा कागद पुरतो. आपल्या महिला सभासदांपैकी कितीजणींनी तो केला आहे, हे एकदा विचारून पाहावे; उत्तर काय येईल याचा अंदाज मी बांधू शकतो.

मृत्युपत्र करायला स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागतोच असे नाही, इंग्रजी तर मुळीच लागत नाही. कोऱ्या कागदावर मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत ते लिहिता येते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. लिहिणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात, ही अट मात्र काटेकोर आहे. साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवण्याची गरज नसते. त्यांनी सही होताना पाहिली एवढेच पुरते. पुढे वाद झाला तर दोघांपैकी निदान एकाला न्यायालयात येऊन तसे सांगावे लागते, आणि आपल्या पिढीची चूक इथेच होते. आपण साक्षीला बोलावतो कोणाला, तर बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन मित्रांना, ज्यांचे वय आपल्याइतकेच किंवा दोन वर्षे जास्त असते. साक्षीदार आपल्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, सोलापुरातच स्थायिक आणि मृत्युपत्रात ज्याला काहीही मिळायचे नाही असा असावा. घरचे डॉक्टर तयार असतील तर उत्तम, कारण सहीच्या वेळी माणूस शुद्धीत आणि समजून उमजून होता, हेही तेच सांगू शकतात.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्यावी असेच मी सुचवेन. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीचा खर्च किरकोळ आहे. कोणाला मजकूर उघड करायचा नसेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेव म्हणून ठेवण्याचीही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, जिचा उपयोग आपल्याकडे क्वचितच होतो. नोंदवलेले मृत्युपत्रही पुढे कधीही बदलता येते. शेवटचे जे असेल तेच चालते, म्हणून प्रत्येकावर तारीख घालून "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे एक वाक्य लिहावे. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, भीती घालणारे लोक भेटतात. सोलापुरातल्या मिळकतीबाबत सोलापुरातच केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती, ती मुंबईसारख्या काही शहरांपुरती होती.

मजकुराबद्दल तीन गोष्टी अनुभवावरून सांगतो. एखाद्या मुलाला कमी द्यायचे असेल किंवा काहीच द्यायचे नसेल, तर त्याचे नाव टाळू नका, नाव लिहा आणि कारणही लिहा. वगळलेल्या वारसाचा उल्लेखच नाही आणि ज्याला सगळे मिळाले त्यानेच मसुदा करून आणला, हे पाहिले की न्यायालयाला संशय येतो आणि तो दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर पडतो. दुसरे, यादीत नसलेल्या किंवा पुढे येणाऱ्या मिळकतीसाठी "याखेरीज जे काही असेल ते अमुक व्यक्तीस" हे वाक्य असू द्या, नाहीतर विसरलेल्या एका पावतीसाठी सगळ्या वारसांना पुन्हा न्यायालयात जाऊन सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसा प्रमाणपत्र, काढावे लागते. तिसरे, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक नेमा आणि त्याला ते आधी सांगा. नेमलेल्याला पत्ताच नाही अशी मृत्युपत्रेही मी पाहिली आहेत. घरात मतिमंद किंवा बहुविकलांग मूल असेल तर त्याच्यासाठी पालक नेमण्याची व्यवस्था १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून होते. तो अर्ज आई-वडील हयात असतानाच करावा, त्याला उशीर नको.

काही सभासद म्हणतील, मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडायचे, आताच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकू. मोह पडावा असाच हा मार्ग आहे, कारण महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले, नातवंडे किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार काय तो वेगळा. पण बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते आणि मृत्युपत्राप्रमाणे मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. डोक्यावरचे छप्पर हयातीत कोणाच्याही नावे करू नये, हे माझे मत आहे आणि मुले कितीही गुणी असली तरी ते बदलत नाही, कारण मुलाला कर्ज होऊ शकते, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, तो आपल्याआधी जाऊ शकतो. करायचेच असेल तर नवरा-बायको दोघांनाही हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३ वे कलम अशी अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करण्याचा अधिकार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाला देते. अट दाखवता आली नाही तर हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने अधिक उदार भूमिका घेतली, पण तिथेही सांभाळाची अट कागदावर होती. "मुलगा बघेलच" हे तोंडी वाक्य न्यायाधिकरणापुढे फार काळ टिकत नाही.

ज्यांची गावाकडे जमीन आहे, आणि आपल्या जिल्ह्यात बहुतेकांची आहे, त्यांच्यासाठी वारसनोंद हा स्वतंत्र विषय आहे. खातेदार गेल्यावर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याकडे कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. प्रत्यक्षात पुण्यात किंवा हैदराबादेत राहणारी मुले ते करत नाहीत, आणि सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव चालू राहते. मग एके दिवशी पीक कर्ज, भूसंपादनाचा मोबदला किंवा विहिरीचे अनुदान अडते आणि तीन पिढ्यांतले पंचवीस वारस शोधावे लागतात, त्यांतले दोघे तोवर गेलेले असतात आणि एकाचा पत्ताच नसतो. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती याचसाठी. मात्र सातबारा, शहरातले मालमत्ता पत्रक आणि महापालिकेची कर पावती हे हक्काची नोंद दाखवणारे कागद आहेत, मालकी देणारे नाहीत. मालकी खरेदीखतातून, वाटणीपत्रातून, मृत्युपत्रातून किंवा वारशातून येते. हद्दवाढ भागात गुंठेवारीची जागा नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतलेल्या सभासदांनी तर मृत्युपत्राच्याही आधी तो कागद आणि नियमितीकरण पाहावे, कारण आपल्याकडेच जे पक्के नाही ते पुढे देता येत नाही. साखर कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचे सभासदत्व आणि तिथला बोजा, दूध संस्थेतली ठेव या गोष्टी यादीतून हमखास सुटतात.

नावांचा घोळ हा सोलापूरचा खास आजार म्हणावा लागेल. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहिण्याची पद्धत आहे. मराठी पद्धतीने लिहिणाऱ्या कारकुनाने त्याचे आडनाव आणि नाव उलटे केलेले असते. विडी कारखान्याच्या पुस्तकात बाईचे घरात हाक मारायचे नाव, रेशनकार्डावर माहेरचे, आधारवर सासरचे आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत चौथेच काहीतरी, अशी स्थिती असते. ती स्वतः हयात असताना चार कागद समोर ठेवून, प्रतिज्ञापत्र देऊन किंवा गरज पडल्यास राजपत्रात नाव प्रसिद्ध करून हे सुधारू शकते. ती गेल्यावर 'ही चारही नावे एकाच बाईची' हे सिद्ध करण्याचे काम तिच्या मुलीवर येते, आणि तोवर निधी, पेन्शन, कर्मचारी ठेव संलग्न विमा सगळे अडून राहते. ही दुरुस्ती आपल्या सभेत शेजारी बसून दोन-तीन बैठकांत होण्यासारखी आहे.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. एक वही किंवा फाइल असावी. तिच्यात बँक खाती, ठेवी, टपाल खात्याची बचत, विमा, डिमॅट, लॉकरचा क्रमांक आणि किल्लीची जागा, खरेदीखत आणि इंडेक्स टू कुठे आहे, पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्रे यांची नोंद असावी. पासवर्ड आणि पिन त्यात लिहू नयेत. माणूस गेल्यावर त्याच्या एटीएम कार्डाने पैसे काढण्याची पद्धत घरोघरी आहे, ती साफ चुकीची आहे आणि भावाभावांतल्या पहिल्या भांडणाला तिथूनच तोंड फुटते. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. तरी वारसांचा हक्क जात नाही आणि 'उद्गम' या संकेतस्थळावर, निदान त्यात सहभागी असलेल्या बँकांपुरता, शोध घेता येतो. आपण कोणाला दिलेले उसने आणि कोणाचे आपण घेतलेले, हेही लिहावे. विशेषतः पतसंस्थेत कोणाला जामीन राहिला असाल तर ते बायकोला माहीत असू द्या, कारण ती नोटीस माणूस गेल्यानंतर येते. वारसांवर कर्जाची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते, हे त्याच पानावर लिहून ठेवले तर नोटीस हातात पडल्यावर घरचे लोक दागिने मोडायला धावणार नाहीत.

आता संघांकडे माझे नेमके मागणे. वर्षातली एक सभा व्याख्यानाविना घ्यावी आणि त्या दिवशी टेबले मांडून कामच करावे: नामनिर्देशनाचे अर्ज भरून घेणे, नावे जुळवून पाहणे, मृत्युपत्रांचे मसुदे वाचणे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र दिल्यास कायदेविषयक शिबिरासाठी वकील मिळू शकतात, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यातच आहे; म्हणून महिला सभासदांसाठी वेगळी बैठक घ्यावी, जिथे नवरा आणि मुलगा बाहेर बसतील. चाळीस-पन्नाशीतल्या, शहरातच राहणाऱ्या विश्वासू स्वयंसेवकांची एक यादी प्रत्येक संघाने करावी, म्हणजे साक्षीदार शोधताना कोणाला नातेवाइकांची मनधरणी करावी लागणार नाही. साक्षीदारांना मजकूर वाचण्याचा अधिकार नसेल, हा नियम पहिल्याच सभेत जाहीर करावा. आपल्या गल्लीत बातमी किती वेगाने पसरते हे आपण सर्वजण जाणतो.

शेवटची विनंती संघाच्या सभासद नोंदणी अर्जाबद्दल आहे. त्यात रक्तगट आणि तातडीच्या संपर्काचा रकाना असतो. त्याखाली "मृत्युपत्र केले आहे काय" आणि "कागदपत्रे कोठे आहेत हे घरातील एका व्यक्तीस माहीत आहे काय" असे दोन रकाने वाढवावेत. उत्तर फक्त होय किंवा नाही असावे, तपशील कोणी विचारू नये. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ज्याचे उत्तर "नाही" असेल त्याला सचिवांनी बाजूला घेऊन पुन्हा विचारावे. त्या दोन रकान्यांचा मजकूर, नामनिर्देशन बदलण्याच्या अर्जांचे नमुने आणि मृत्युपत्राचा एक साधा मराठी मसुदा मी तयार केला आहे. ज्या संघाला हवा असेल त्यांच्या पुढच्या सभेला मी तो घेऊन येईन. तेलुगू आणि कन्नड मसुद्यासाठी सभासदांपैकीच कोणी पुढे यावे.

कळावे,
आपला,
सहकारी बँकेतील एक निवृत्त कर्मचारी
सोलापूर